खेळांतील तंद्री

वैशाख लागला कीं नागपुरांत दुपारीं घराबाहेर पाऊल टाकण्याची सोय उरत नाहीं. पारा पंचेचाळिसाच्या घरांत जातो, खिडकींत कूलर घरघरत असतो, आणि त्या अंधाऱ्या गारव्यांत घरोघरचीं मुलें मोबाइलवर नाहीं तर संगणकावर खेळत बसतात. जेवणाची तिसरी हांक गेली तरी ओ येत नाहीं. आई रागावते, मुलगा म्हणतो, "ऐकूंच आलें नाहीं." त्याचें हें म्हणणें पुष्कळदां अक्षरशः खरें असतें, असें आम्हांस वाटतें.

मिहाय चिक्सेंटमिहायी (१९३४–२०२१) या मानसशास्त्रज्ञानें या अवस्थेच्या अभ्यासांत जन्म घालविला. बुद्धिबळ खेळणारे, कडे चढणारे, नर्तक, शस्त्रवैद्य अशा लोकांची त्यानें विचारपूस केली. १९७५ सालीं तीवर ग्रंथ लिहिला. 'फ्लो', म्हणजे प्रवाह, हें तिचें नांव त्याचेंच. हेतु स्पष्ट असावा, केल्याचें फळ तत्काळ दिसावें, आणि काम आपल्या कुवतीच्या किंचित् पुढें असावें, म्हणजे ही तंद्री लागते. काम फार जड झालें तर जीव घाबरतो, हलकें झालें तर विटतो. संगणकावरील खेळांत हें सारें आयतें मांडून ठेवलेलें असतें. १९८४ सालीं मॉस्कोंत अलेक्सेइ पाजित्नोव यानें रचलेला 'टेट्रिस' घ्या. वरून तुकडे पडतात, ते बसवावयाचे, एवढाच खेळ. पण हात सरावला कीं तुकड्यांचा वेगहि वाढतो. कंटाळावयास सवडच नाहीं!

या तंद्रीस व्यसन म्हणून मोकळें होणें सोपें आहे. पण २८ जुलै २०२५ रोजीं जॉर्जियांतील बाटुमी येथें आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुख हिनें कोनेरू हम्पीसारख्या मुरलेल्या खेळाडूस जलद डावांत हरवून महिलांचा विश्वचषक जिंकला, तेव्हां ती अवघी १९ वर्षांची होती. त्याच विजयानें ती भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तासन् तास पटावरून मन न हलण्याची संवय लहानपणीं लागल्यावांचून असें यश हातीं येत नाहीं. तिच्या त्या एकाग्रतेस कोणी बिघडणें म्हटलें नसतें. मग भेद कोठें आहे?

त्याचें उत्तर आमच्या मतें विदर्भाच्याच एका कन्येच्या कथेंत सांपडतें. नळ राजा पुष्कराशीं द्यूतास बसला. प्रजाजन मंत्र्यांसह दाराशीं आले, दमयंती परोपरीनें विनवूं लागली; राजानें उत्तरहि दिलें नाहीं. अखेर तिनें मुलांना रथांत घालून कुंडिनपुरास माहेरीं धाडिलें. नळाची तंद्रीहि तंद्रीच होती. मात्र फांसा पडत होता आणि राजा नुसता बसला होता. पुढें ऋतुपर्णाकडून अक्षहृदय शिकल्यावर तोच नळ पुन्हां खेळला व राज्य परत मिळवून उठला. नताशा डाउ शुल या विदुषीनें २०१२ सालच्या ग्रंथांत लास व्हेगास येथील यंत्रांवरच्या जुगाऱ्यांचें वर्णन केलें आहे. ते जिंकण्यासाठीं नव्हे, तर केवळ त्या गुंगींत राहण्यासाठीं खेळतात. तेथें कुवत वाढत नाहीं; पैसा मात्र सरतो.

ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सना निराळें स्थान दिलें, तें या दृष्टीनें योग्यच झालें. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचींतहि खेळाचा विकार आहे. परंतु खेळण्यावर ताबा न उरणें, बाकीचीं कामें मागें पडणें, नुकसान दिसत असूनहि न थांबणें, आणि हें साधारण वर्षभर चालणें, इतकें झाल्यावर तो म्हणावयाचा. सुटींतल्या एका दुपारीं बधिर झालेल्या कानांस नव्हे.

तेव्हां आईबापांनीं मुलास खेळ समजावून सांगावयास लावावें. कोठें अडलास, काल न जमलेलें आज कसें जमलें, हें तो रंगून सांगूं लागला तर काळजीचें कारण थोडें. "असाच खेळतों," एवढेंच आलें, आणि उठल्यावर चेहरा उतरलेला दिसला, तर मात्र शेजारीं बसून तो खेळ पाहावा. आणखी एक. इतरांबरोबर जोडून खेळावयाचा डाव मध्येंच थांबवितां येत नाहीं. म्हणून पानें वाढल्यावर ओरडण्यापेक्षां, डाव मांडण्यापूर्वींच तो किती वेळाचा आहे तें विचारून घ्यावें.