नवस कोणी फेडायचा?

मंडळी, गेले दोन महिने इथं काही लिहिलं नाही. कारण घरच्यांना ठाऊक आहे, बाकीच्यांना थोडक्यात सांगतो. माझ्या ताईच्या मुलाचं पुढच्या महिन्यात नागपूरला खुब्याचं मोठं ऑपरेशन आहे. तो नऊ वर्षांचा आहे. जन्मापासून त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. बोलणं जरा अडखळत, पण समज अगदी लख्ख. (कॅरममध्ये मला हरवतो, हेही नोंदवून ठेवतो, नाहीतर तो रागवेल.)

या निमित्तानं घरात देवाधर्माचं जे काही चाललंय, त्याविषयी बरेच दिवस डोक्यात घोळतंय. म्हणून हा लेख.

वर्तमानपत्रांत 'श्रद्धा की विज्ञान' असा एक वाद दर दोन-चार महिन्यांनी निघतो. मला तो नेहमी घरात बसून घातलेला वाद वाटतो. आमच्या ब्रह्मपुरीत असं कोणी निवड करत बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. इथला माणूस सकाळी अंगारा लावतो आणि दुपारी एक्स-रे काढतो. एकाच पिशवीत देवाचा प्रसाद, रेशनकार्ड, आधार आणि दिव्यांग प्रमाणपत्राची झेरॉक्स असते. सर्पदंश किंवा विंचूदंश झालेल्याला उपचारापासून रोखून मंत्रतंत्र करत बसणं हा महाराष्ट्रात २०१३ च्या कायद्यानं गुन्हाच आहे, आणि तो असायलाच हवा. पण आमच्या घरासारख्या बहुतेक घरांत गोष्ट तितकी टोकाला जात नाही. कोणी ऑपरेशन अडवत नाही. मग प्रश्न कुठे आहे?

माझ्या मते प्रश्न असा आहे की आपली श्रद्धा त्या पोराला काय सांगते?

आधी दुखण्याबद्दल दोन शब्द, म्हणजे पुढचं नीट कळेल. सेरेब्रल पाल्सीत मूळ इजा मेंदूला झालेली असते. पण स्नायू सतत ताठ राहतात, आणि वाढत्या वयात मांडीचं हाड खुब्याच्या वाटीतून हळूहळू बाहेर सरकायला लागतं. अशा साधारण तीन मुलांपैकी एकाचा खुबा असा सरकतो. सुरुवातीला दुखतही नाही, त्यामुळे एक्स-रे काढल्याशिवाय कळत नाही. दुर्लक्ष झालं तर पुढे बसणं कठीण होतं, पाय फाकवून स्वच्छता करणं कठीण होतं, आणि दुखणं कायमचं मागे लागतं. ऑपरेशनमध्ये मांडीचं हाड कापून त्याची दिशा बदलतात आणि प्लेट बसवतात. मग कमरेपासून पायांपर्यंत प्लास्टर, साधारण सहा आठवडे.

आता नीट वाचा. हे ऑपरेशन चालता यावं म्हणून नाही. ते आहे दुखू नये, नीट बसता यावं, खुर्चीत शाळेत जाता यावं म्हणून. डॉक्टरांनी हे ताई-भाऊजींना दोनदा समजावून सांगितलं होतं.

आणि आमच्या आईनं नवस बोलला, "मार्कंडदेवा, माझ्या नातवाले चालवत तुझ्या पायाशी आनीन."

मार्कंडा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातलं, चामोर्शी तालुक्यातलं, वैनगंगेच्या काठचं देवस्थान. बाहेरचे लोक त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. तिथं वैनगंगा उत्तरेकडे वळते, म्हणून त्या जागेचं माहात्म्य मोठं. महाशिवरात्रीला जत्रा भरते. आईचं तिथं जाणं लहानपणापासूनचं. तेव्हा तिनं तिथला नवस बोलणं यात नवल काहीच नाही, आणि वाईटही काही नाही. आजीला काहीतरी करायचं असतं. हाड कापायचं काम सर्जनचं, सही करायचं काम आईबापाचं, पैशाची जुळवाजुळव बापाची. आजीच्या हातात काय उरतं? देव उरतो.

पण हा नवस पोरानं ऐकला. दोन दिवस तो गप्प होता. मग त्यानं ताईला विचारलं, "आई, मी नाही चाललो तर देव रागावन का?"

मंडळी, मला वाटतं या एका प्रश्नात सगळं आलं. नवस आजीनं बोलला, पण फेडायचं ओझं पडलं पोराच्या पायांवर. ते पाय आयुष्यभर कोणाचं ऐकत आलेले नाहीत, आता देवाचं तरी कसं ऐकणार? ऑपरेशन अगदी उत्तम झालं, खुबा जागेवर बसला, दुखणं गेलं, तरी त्या पोराच्या हिशेबात तो नापासच. त्याला वाटणार, आपल्यामुळे आजी खोटी पडली.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. नवस बोलायचा तर स्वतःच्या अंगावर घ्या. "मी पायी येईन" म्हणा, "मी सव्वा महिना चहा सोडीन" म्हणा. पोराच्या शरीरानं फेडायचा नवस कोणी बोलू नये. त्याच्या वतीनं देवाला शब्द देण्याचा अधिकार आपल्याला नाही, भले आपण त्याचे कितीही सख्खे असू.

आता मार्कंडेयाची मूळ गोष्टच पाहा. मृकंडू ऋषींना मूल नव्हतं. शंकर प्रसन्न झाला आणि त्यानं विचारलं, अल्पायुषी पण गुणी मुलगा हवा, की दीर्घायुषी पण मंदबुद्धी? त्यांनी सोळा वर्षांचा गुणी मुलगा मागितला. ही गोष्ट कीर्तनात ऐकताना सगळे माना डोलावतात. मी मात्र यंदा ताईकडे पाहत होतो. जिच्या मांडीवर वेगळं मूल बसलंय, तिला ही निवड कशी ऐकू येत असेल? 'असलं मूल असण्यापेक्षा सोळा वर्षांचं आयुष्य बरं' असंच ना? देवाच्या दारात बसून दर वर्षी हे ऐकायचं. त्यात पुन्हा शेजारपाजारचं 'मागच्या जन्मीचं काहीतरी असेल' हे आहेच. कीर्तनकार मंडळींनी याचा जरा विचार करावा, अशी माझी हात जोडून विनंती आहे. गोष्ट बदलू नका, पण सांगताना समोर कोण बसलंय ते बघा.

पण त्याच गोष्टीत पुढे एक जागा आहे, तिच्याकडे आपलं लक्ष जात नाही. सोळावं वर्ष जवळ येतं तसे आईबाप झुरायला लागतात. मार्कंडेय त्यांना विचारतो, काय झालं? आणि ते त्याला खरं सांगतात. तुझं आयुष्य इतकंच आहे, असं तोंडावर सांगतात. ते कळल्यावरच तो पोर उठतो आणि पिंडीला मिठी मारतो. आईबापांनी लपवलं असतं तर तो त्या दिवशी कुठेतरी खेळत असता! म्हणजे आपल्या वैनगंगेकाठच्या देवाची गोष्टसुद्धा हेच सांगते की पोराला खरं कळलं पाहिजे, मग तो आपली मिठी आपण शोधतो.

'श्वास' आठवतो ना? २००४ साली थिएटरात आलेला संदीप सावंत यांचा सिनेमा. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं म्हणून तेव्हा सगळीकडे त्याचीच चर्चा होती. कोकणातला आजोबा नातवाला घेऊन शहरात येतो. डोळ्याचा कर्करोग, ऑपरेशन केलं तर पोर वाचेल पण दृष्टी जाईल. त्यात डॉक्टरांचा हट्ट कशासाठी असतो? पोराला आधी सांगा म्हणून. आणि आजोबाच्या तोंडून ते निघत नाही. तेव्हा आम्ही सगळे आजोबासाठी रडलो. आज मला वाटतं, त्या सिनेमातली खरी अवघड गोष्ट डॉक्टरांची होती. सात-आठ वर्षांच्या पोराला माणूस समजून बोलायचं, ही.

दिव्यांग मुलाच्या बाबतीत तर आपण हे फारच कमी करतो. त्याच्या अंगावरून, त्याच्या डोक्यावरून बोलतो. डॉक्टर आईला सांगतात, आई आजीला सांगते, आणि ज्याचं हाड कापायचंय तो खुर्चीत बसून छताकडे बघतोय. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात चक्क लिहिलंय की दिव्यांग मुलांना त्यांच्याशी संबंधित प्रत्येक बाबतीत आपलं मत मांडायचा इतर मुलांइतकाच हक्क आहे, आणि वय व दिव्यांगत्व लक्षात घेऊन त्यासाठी आधार द्यायचा आहे. कायदा सरकारला उद्देशून आहे हे खरं. पण घरात कोणी आधार द्यायचा? आपणच ना.

"देव सगळं बरं करील, तुला काहीच कळणार नाही, सुईसुद्धा टोचणार नाही" हे वाक्य मी या दोन महिन्यांत किमान वीस जणांच्या तोंडून ऐकलं. प्रेमानं म्हणतात, मान्य. पण सुई टोचणार आहे. शुद्धीवर आल्यावर दुखणार आहे. प्लास्टरमध्ये खाज येणार, कुशीवर वळायला दुसरा माणूस लागणार. पहिली सुई टोचली की पोराच्या लेखी खोटं कोण ठरतं? आधी आपण, आणि मग आपण ज्याची हमी दिली तो देव. देवाचं नाव भूल म्हणून वापरू नये. भुलेसाठी भूलतज्ज्ञ आहेत.

तारखेचं आणखी एक. पहिली तारीख पितृपक्षात येत होती, तर आईनं ती नको म्हटलं. मी यावर भांडलो नाही. फोन करून डॉक्टरांनाच विचारलं, किती दिवस थांबता येईल? ते म्हणाले, दोन-चार आठवड्यांनी बिघडत नाही, पण वर्षभर लांबवू नका. झालं. पंचांग पाहायचं तर डॉक्टरांनी दिलेल्या मुदतीच्या आत पाहावं, इतकाच माझा आग्रह. आणि खरं सांगू का, आपल्या भागात 'मुहूर्त नाही' याचा अर्थ पुष्कळदा 'धान कापणीला आलाय' किंवा 'पैसे नाहीत' असा असतो. शेतकऱ्याला माणसासमोर हात पसरायला लाज वाटते, देवाचं नाव घ्यायला वाटत नाही. तेव्हा कोणी ऑपरेशन लांबवत असेल तर त्याला अंधश्रद्धाळू म्हणून मोकळं होण्याआधी विचारा, भाऊ, अडचण काय आहे? महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे (२०१२ साली राजीव गांधी जीवनदायी नावानं सुरू झाली, तेव्हाच्या पहिल्या आठ जिल्ह्यांत गडचिरोली होता), शाळेतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं आहेत, मोठ्या सरकारी दवाखान्यांत समाजसेवा अधीक्षक असतात. कागद जुळवायला सोबत जाणारा एक माणूस मिळाला की पुष्कळ मुहूर्त आपोआप सापडतात.

आणि श्रद्धा कामाची कुठे पडते, तेही सांगतो, नाहीतर वाटेल मामा नास्तिक झाला. आमच्याकडे ऑपरेशन म्हटलं की आधी सिकलसेलची तपासणी, कारण चंद्रपूर-गडचिरोलीत तो आजार पुष्कळ. रिपोर्ट येईपर्यंतच्या रात्री ताईनं आईच्या शेजारी बसून जप करत काढल्या. (रिपोर्ट चांगला आला.) रक्ताची सोय करायची होती, तर भजनी मंडळातल्या चौघांनी स्वतःहून नावं दिली आणि त्यासाठी नागभीड, भिवापूर, उमरेड करत सव्वाशेच्या आसपास किलोमीटर यायला तयार झाले. एकानं बाजेची उंची वाढवून दिली, प्लास्टरमधल्या पोराला उचलताना ताईची कंबर जाऊ नये म्हणून. कोणी त्याला भक्ती म्हणेल, कोणी माणुसकी. पोराला त्यातून कळलं ते इतकंच, की आपल्यासाठी माणसं उभी आहेत.

गळ्यातल्या ताइताचंही ठरलंय. धातूचं काही अंगावर चालत नाही म्हणून ऑपरेशनच्या खोलीत जाण्याआधी तो काढायचा. आई हिरमुसली होती. पण पोरानंच तोड काढली, "आजी, तोवर तू घाल." आता त्या सकाळी ताईत आजीच्या गळ्यात असेल. मला हा तोडगा फार पटला. ज्याला भीती वाटते त्यानं ताईत घालावा. पोराला त्याची औषधं, त्याची माणसं आणि खरी माहिती पुरे.

आणि नवसाचं काय झालं? ताईनं पोराचा प्रश्न आईला जशाच्या तसा सांगितला. आई बराच वेळ काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी पूजा करताना तिनं मोठ्यानं म्हटलं, पोराला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, "देवा, तो चालो की न चालो. मीच येईन पायी." तिचे गुडघे पाहता भाऊजींनी लगेच गाडीची चौकशी सुरू केली आहे, पण तो तिचा आणि देवाचा प्रश्न.

ज्यांच्या घरात असं ऑपरेशन ठरलंय, त्यांना एवढंच सांगेन. देवाला काय सांगायचं ते खुशाल सांगा, पण तेच पोराच्या समोर बसून म्हणता येईल का, हे एकदा तपासून बघा.

ताई, वाचत असशील तर पोराला सांग, शनिवारी कॅरम घेऊन येतोय.