कांचेच्या पेटींतील कासव

उरण येथें एका सुशिक्षित स्नेह्यांच्या घरीं आम्हीं नुकतेंच एक चांदणी कासव पाहिलें. गच्चीच्या कोपऱ्यांत ठेवलेल्या कांचेच्या पेटींत, वीतभर पाण्यांत, तें बिचारें हातपाय मारीत होतें. ‘घरांत कासव असलें म्हणजे लक्ष्मी टिकते,’ असा यजमानांनीं खुलासा केला. लक्ष्मीचा आम्हांस फारसा अनुभव नसल्यामुळें त्या बाबतींत आम्हीं वाद घातला नाहीं. कासवाविषयीं मात्र गप्प बसवेना.

चांदणी कासव हा पाण्यांतला प्राणीच नव्हे. गुजरात-राजस्थानांतील आणि आंध्र-तामिळनाडूकडील कोरडीं, खुरटीं रानें हें त्याचें घर. गवत व पाला हें त्याचें अन्न. त्यास पाण्यांत ठेवून भात चारणें म्हणजे शेळीस हौदांत बांधून मासळी घालण्यासारखेंच होय. ऊन व चुना न मिळाल्यास त्याचें कवच वेडेंवांकडें वाढतें. शिवाय १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वयें तें घरीं बाळगणें हा अपराध आहे. लक्ष्मीसाठीं कासवच हवें असेल तर देवळांत गाभाऱ्यापुढें दगडाचें आहेच. त्यास ना ऊन लागत, ना भूक.

‘मग अंगणांत माती टाकूं, गवत लावूं, कुंपण घालूं,’ असें स्नेही म्हणाले. पेटीपेक्षां हें बरें, यांत शंका नाहीं. परंतु कुंपणापलीकडे त्या प्राण्याचें रान नसेल तर तें कुंपण म्हणजे प्रशस्त तुरुंगच. द्रोणागिरीवर सोडून देणें हाही उपाय नव्हे. कोंकणचा पाऊस त्यास मानवणार नाहीं. वेळासच्या किनाऱ्यावर २००२ सालीं सह्याद्रि निसर्ग मित्र या संस्थेनें ग्रामस्थांसह सागरी कासवांचीं अंडीं कुंपणांत राखण्यास आरंभ केला. पण पिल्लें बाहेर येतांच त्यांस समुद्राकडे सोडतात. कुंपणाचा खरा उपयोग तो हाच.

उरणकरांस कासवांची एवढी हौस असेल, तर तळ्यांत व भातखाचरांत राहणारें, उन्हाळ्यांत चिखलांत दडून बसणारें साधें पाणकासव त्यांनीं आठवावें. बंदर, गोदामें व वसाहती यांसाठीं तालुक्यांत भरावावर भराव पडले, पाणजे-भेंडखळकडील पाणथळींवर संकट आलें, तेव्हां या हौशी मंडळींपैकीं कितीजण बोलले? कोळीबांधव व पक्षिप्रेमी ओरडत होते. गच्चीवाले पेटींतलें पाणी बदलीत होते.

कासव वनखात्याच्या स्वाधीन करून तसें कळविण्याचें स्नेह्यांनीं कबूल केलें आहे. पत्र अद्याप आलेलें नाहीं.