एक नग

मिठाईच्या दुकानात जाऊन "एक पेढा द्या" असं म्हणून बघा. काउंटरमागचा माणूस आधी विचारतो, "एक किलो?" आपण म्हणायचं, "नाही, एकच. एक नग." मग तो जरा गोंधळतो आणि समजूतदारपणे म्हणतो, "चव बघायचीय का ताई? घ्या की!" पेढा हातावर येतो, पैसे काही घेतले जात नाहीत. आपल्याकडे एक पेढा फुकट मिळतो, विकत मिळत नाही.

कारण मिठाई आपण स्वतःसाठी घेतच नाही. ती निकालाची असते, बारशाची असते, नव्या गाडीची असते, कुणाच्या तरी घरी रिकाम्या हाताने जायचं नसतं म्हणून घेतलेली असते. पाव किलोच्या खाली माप नाही आणि खोक्याशिवाय शोभा नाही. दुपारी चार वाजता, काहीही निमित्त नसताना, उभ्या उभ्या एक बर्फी खाऊन पुढे निघालेला मराठी माणूस मी तरी पाहिलेला नाही.

लिस्बनमध्ये मात्र एक नग हेच माप आहे. कुठल्याही वस्तीत वळा, एखादी पास्तेलारिया दिसतेच. कामावर निघालेला माणूस आत शिरतो, काउंटरला टेकून एक बिका, म्हणजे छोट्या कपातली कडक कॉफी, आणि एक पास्तेल द नाता मागवतो. वर दालचिनीची पूड भुरभुरतो, तीनचार घासांत संपवतो आणि नाणी ठेवून चालू लागतो. बसतात ते पर्यटक, आणि बाहेर फुटपाथवरच्या खुर्चीत बसलं तर बऱ्याच ठिकाणी दरही चढा लागतो. मी आधी बसत असे. मग पैसे आणि संकोच दोन्ही वाचवायला उभी राहू लागले.

नाताची वाटी कशी होते हे चिरोटे करणाऱ्या कुणालाही चटकन कळेल. लोण्याचे थर दिलेली पोळी घट्ट गुंडाळायची, तिचे काप करायचे, एकेक काप साच्यात ठेवून ओल्या अंगठ्याने कडेपर्यंत पसरवायचा. आत अंड्याचा पिवळा बलक, साखरेचा पाक, दूध, दालचिनी, लिंबाची साल. मग भट्टीची इतकी प्रखर आच, की काही मिनिटांत वर काळे डाग पडतात. ते डाग हवेतच, त्यांचा किंचित कडवटपणाच गोडाला आवरून धरतो. पण भट्टीतून बाहेर आल्यावर हा पदार्थ फार वेळ थांबत नाही. आतली ओल पारीत उतरते आणि कुरकुर गेली की नाता ही नुसती गोड, मऊ वस्तू उरते. शियादु भागातल्या मांतेगरिया या दुकानात ताजा घाणा निघाला की घंटा वाजवतात, ती पर्यटकांच्या करमणुकीपुरती नाही. ती ऐकून आत शिरायचं, एवढंच त्या पदार्थाचं मागणं आहे.

बेलें भागातलं मूळ दुकान 1837 सालचं. जवळच्या जेरोनिमुश मठातून ही कृती बाहेर आली आणि शेजारच्या साखर कारखान्यालगत विकली जाऊ लागली, असा त्यांचा इतिहास. कृती अजून गुप्त आहे आणि पास्तेल द बेलें हे नाव फक्त त्यांचं. बाकी सगळ्या गावाने नाता म्हणायचं. बाहेर बांधून नेणाऱ्यांची रांग बघून लोक माघारी फिरतात. तसं करू नका. आत निळ्या टाइल्सच्या खोल्यांमागून खोल्या आहेत आणि जागा बहुधा मिळते. पारी बेलेंची आणि आतलं कस्टर्ड मांतेगरियाचं, असा माझा निकाल आहे. तो त्या गावात मोठ्याने बोलू नये.

बेलेंच्या आधी तीन वर्षं, 1834 साली, पोर्तुगालने धार्मिक संघ बरखास्त केले होते. पुरुषांचे मठ लगेच बंद झाले. जोगिणींच्या मठांना मुभा राहिली, पण नव्या मुलीला दीक्षा द्यायची नाही, आणि शेवटची जोगीण वारली की मठ बंद. म्हणजे एकेक मठ म्हातारा होत होत संपला. त्या स्वयंपाकघरांत पिवळ्या बलकाचे असंख्य पदार्थ होते. पांढरा भाग कपड्यांच्या खळीला आणि वाइन निवळायला जाई, पिवळा उरे, अशी त्याची उपपत्ती सांगतात. साखर आधी मदैराहून आणि मग ब्राझीलहून येत होती. मठ सरले, आणि बायकांच्या हातचे हे पदार्थ मोलकरणी, नातेवाईक, शेजारणी यांच्याकडून दुकानांत आले. आज काउंटरला टेकून दोन मिनिटांत संपवतात त्यातलं बरंचसं असं भिंतीआडून आलेलं आहे.

माझ्या वहिनीला माझं हे पुराण पटत नाही. "एवढ्या लांब जाऊन हात हलवत आलात वन्सं?" असं ती दरवेळी विचारते. पण आणायचं काय? जे आणता येतं ते तिथे जाऊन खाण्यासारखं नसतं, आणि जे खाण्यासारखं असतं ते बॅगेत टिकत नाही. पोर्तुगीज जहाजांतून दूरवर पोचलं तेही टिकाऊच. जपानात नागासाकीचा कासुतेरा केक हा त्यांचाच वारसा. साखर भरपूर, म्हणून तो दिवस काढतो. गोव्यात बेबिंका. अंड्याचा बलक तोच, पण गाईच्या दुधाच्या जागी नारळाचं दूध आणि भरपूर तूप. एक थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, मग दुसरा. पूर्वी झाकणावर निखारे ठेवून करत, त्यात अख्खी दुपार जाई. तुपासाखरेमुळे ती चांगली टिकते, म्हणून गोव्याहून परतणाऱ्या प्रत्येक पुणेकराच्या पिशवीत एक खोकं असतंच. वहिनीला बेबिंका आवडते. वाद तेवढ्यापुरता मिटतो.

एक नग ही फक्त युरोपची चैन आहे असं कुणी म्हणायला नको. कोलकात्यात संदेश नगावर मिळतो. उत्तर कोलकात्यात गिरीशचंद्र दे आणि नकुडचंद्र नंदी यांचं जुनं दुकान आहे, तिथे बसायची सोयच नाही. लोखंडी गजांपलीकडून संदेश हातात येतो आणि गिऱ्हाईक तिथेच रस्त्यावर उभं राहून खातं. हिवाळ्यात नोलेन गूड, म्हणजे खजुराच्या रसाचा नवा गूळ, आला की कामावरून परतणारे सभ्य गृहस्थ दोन नग खाऊन मग घरच्यांसाठी वेगळे बांधून घेतात. कारण पुन्हा तेच: छेना नाशवंत. के. सी. दास यांनी 1930 साली रसगुल्ला डब्यात बंद केला तेव्हा कुठे तो लांबच्या प्रवासाला निघाला, आणि डब्यातला रसगुल्ला खाल्लेल्या माणसाला कोलकात्याची ओढ का ते कळत नाही, तेही तेव्हापासूनच.

आपल्या दुकानांत मात्र टिकणाऱ्याचं राज्य आहे. साताऱ्याचा कंदी पेढा खवा खरपूस भाजून, पाणी आटवून केलेला. धारवाडचाही तसाच. काजूकतलीत ओल जेमतेम. 1 ऑक्टोबर 2020 पासून सुट्या मिठाईवरही 'कधीपर्यंत खावी' ती तारीख लावणं दुकानांना सक्तीचं झालं, तेव्हापासून मी ट्रेसमोर उभी राहून त्या पाट्या वाचते. ज्या ट्रेवर सगळ्यात जवळची तारीख असते, तिथेच बोट दाखवायचं. लोक बहुधा उलट करतात. इराण्याकडे चहाबरोबर एकच मावा केक मागितला तर कुणी भुवई उंचावत नाही, पण इराणी हॉटेलं राहिलीत किती?

मग मराठी माणसाचा नाशवंत, ताजा, नगावर मोजायचा पदार्थ नाहीच का? आहे. उकडीचा मोदक. पुरणपोळी, हळदीच्या पानातल्या पातोळ्या याही त्याच पंक्तीतल्या. मोदक वाफेतून निघाला की वर तूप सोडायचं आणि लगेच खायचा. गार झाला की पारी चिवट होते. म्हणून तो दुकानात गेला नाही, घरात राहिला. घरात राहिला म्हणजे कुणातरी बाईच्या हातावर राहिला. पाच-सहा जण पाटावर, ती चुलीपाशी, आणि तिच्या वाट्याचा मोदक शेवटचा, बहुतेकदा गार. लिस्बनच्या काउंटरवरची ती मजा आपल्याकडे होतीच, फक्त ती एका बाजूलाच मिळायची. आम्ही बहिणींनी ती बरीच वर्षं वाढणाऱ्या बाजूने बघितली आहे, तेव्हा मोदक घरचेच हवेत म्हणणाऱ्यांपुढे मी मान डोलवत नाही.

आता निदान शहरांत ही गोष्ट हलते आहे. दादरच्या, पुण्याच्या उपाहारगृहांत मोदक प्लेटमध्ये मिळतात, आणि गल्लोगल्ली ऑर्डर घेणाऱ्या बायका आहेत. दर नगाचा, आणि तो ऐकून नाक मुरडणाऱ्यांनी एकदा तांदळाच्या उकडीला पाकळ्या पाडून बघाव्यात. आमच्या सोसायटीतल्या काकू चतुर्थीला साडेबाराची वेळ देतात, आणि साडेबारा म्हणजे साडेबारा. गेल्या वर्षी कुणीतरी रात्रीच्या पाहुण्यांसाठी सकाळीच नेऊन ठेवतो म्हणाले. काकूंनी वहीतलं त्यांचं नाव खोडलं आणि म्हणाल्या, "मग तुम्ही माव्याचे घ्या हो. कोपऱ्यावर मिळतात, खोक्यात."