रिकामा स्लॉट दिसला म्हणून कार्ड घेऊ नका



मागच्या व्हिडिओत आपण जुन्या पीसीचं अपग्रेड बघितलं. त्यातला एक मुद्दा घाईत राहून गेला, तो आज निवांत बोलूया: साउंड कार्ड आणि बाकीची कार्डं घ्यायची का, आणि घ्यायची तर कशी निवडायची.

माझं मत आधीच सांगून टाकतो. कुठलंही कार्ड घेण्याआधी तुम्हाला एका वाक्यात सांगता आलं पाहिजे की आज माझं अमुक काम अडलंय आणि या कार्डाने ते सुटेल. हे वाक्य जमत नसेल तर पाकीट खिशातच राहू द्या.

सुरुवात साउंड कार्डापासून करू. एकेकाळी ते खरंच लागायचं. १९८९ साली क्रिएटिव्ह कंपनीचं साउंड ब्लास्टर आलं, तेव्हा साधा पीसी स्वतःहून फक्त ‘बीप’ करायचा. पुढे इंटेलने १९९७ मध्ये एसी ९७ आणि २००४ मध्ये एचडी ऑडिओ हे स्टँडर्ड आणलं आणि आवाजाची चिप मदरबोर्डवरच येऊ लागली. आज ऑफिसचं काम, मीटिंग, ऑनलाइन क्लास, साधं व्हिडिओ रेकॉर्डिंग यासाठी ती चिप पुरते. तरीही लोक साउंड कार्ड मागतात, कारण आवाज खराब येतो. पण तो खराब कशामुळे येतो, हे कुणी बघत नाही.

माझ्या दुकानात एक क्लासवाल्या मॅडम आल्या होत्या. लेक्चरमध्ये आवाज घुमतो, मुलांचे पालक तक्रार करतात, म्हणून साउंड कार्ड हवं होतं. बजेट आठ हजार. मी विचारलं, माइक कुठला? तर वेबकॅममधला, तोंडापासून तीन फुटांवर. खोलीत फरशी, काचेची खिडकी, उघड्या भिंती. आता मला सांगा, यात कार्ड काय करणार? माइकमध्ये घुमलेला आवाजच शिरला, तर महागडं कार्ड तोच घुमलेला आवाज प्रामाणिकपणे रेकॉर्ड करेल. त्यांनी कॉलर माइक घेतला, खिडकीला जाड पडदा लावला आणि काम झालं. वाचलेल्या पैशांत यूपीएसची बॅटरी बदलली. बीबीएला आम्हाला अपॉर्च्युनिटी कॉस्ट शिकवायचे, ती हीच. नको तिथे गेलेला रुपया हव्या त्या जागी कमी पडतो.

म्हणून खर्च करण्याआधी घरीच तीन गोष्टी करून बघा. एक, माइक कॅबिनेटच्या पुढच्या जॅकमधून काढून मागच्या गुलाबी जॅकमध्ये लावा. पुढच्या जॅकची वायर कॅबिनेटच्या आतून फिरून येते आणि वाटेत खरखर पकडू शकते. दोन, सतत ‘घूं’ असा आवाज येत असेल तर इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंग खराब असेल तर नवं कार्डही त्याच कॅबिनेटमध्ये बसून तसंच गुणगुणू शकतं. तीन, त्याच खोलीत, तेवढ्याच अंतरावर मोबाइल ठेवून रेकॉर्ड करा. तिथेही आवाज घुमला तर दोष खोलीचा आणि अंतराचा आहे.

एवढं करून तुम्हाला खरंच वरच्या दर्जाचं रेकॉर्डिंग हवं असेल, तर मी यूएसबी ऑडिओ इंटरफेस घ्या म्हणेन. स्टुडिओतल्या कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टची फँटम पॉवर लागते. ती बहुतेक इंटरफेसमध्ये मिळते, साध्या साउंड कार्डात नसते. शिवाय उद्या लॅपटॉप घेतला तर इंटरफेस तिकडे लावता येतो. बोर्डावरचा जॅकच मेला असेल तर काहीशे रुपयांचा यूएसबी डोंगल भागवतो. आतलं साउंड कार्ड घ्यावं ते भारी हेडफोन लावून संगीतावर काम करणाऱ्यांनी. तेही कानाने फरक ऐकून, खोक्यावरचे आकडे वाचून नाही.

आता याउलट एक उदाहरण. मार्केट यार्डातल्या व्यापाऱ्याचा इलेक्ट्रॉनिक वजनकाटा जुन्या नऊ पिनांच्या सीरियल पोर्टवर चालतो. नव्या पीसीला मागे ते पोर्ट नसतं. इथे सीरियल कार्ड घ्या, बिनधास्त घ्या. काटा बदलण्यापेक्षा ते कितीतरी स्वस्त पडतं. यूएसबी कन्व्हर्टरही चालतो, पण कुणी तो दुसऱ्या पोर्टला लावला की कॉम पोर्टचा नंबर बदलू शकतो आणि ऐन गर्दीत बिलिंगला वजन येत नाही. बघा, इथे काम ठरलेलं आहे, म्हणून कार्डही लगेच ठरलं.

ग्राफिक्स कार्डालाही हाच नियम. टॅली, एक्सेल, जीएसटी रिटर्न यासाठी वेगळं कार्ड नको. व्हिडिओ एडिटिंग किंवा थ्रीडी डिझाइन रोजचं असेल तर हवं. मात्र इंटेल कोअर प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी ‘एफ’ असेल तर त्यात ग्राफिक्स नसतंच, मग कार्डाशिवाय डिस्प्ले येणार नाही. लॅनचं म्हणाल तर २.५ गिगाबिटचं कार्ड घालून स्विच १ गिगाबिटचाच ठेवला, तर स्पीड १ गिगाबिटचाच मिळेल.

कार्ड घ्यायचं ठरलंच, तर आधी ते बसतंय का बघा. जुनं पीसीआय कार्ड पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमध्ये बसत नाही. छोटं एक्स १ कार्ड लांब एक्स १६ स्लॉटमध्ये चालतं, पण काही लांब स्लॉट आतून एक्स ४ एवढेच जोडलेले असतात. काही बोर्डांवर एम डॉट टू मध्ये एसएसडी लावली की एखादा स्लॉट किंवा साटा पोर्ट बंद होतो. हे मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. स्लिम कॅबिनेटला अर्ध्या उंचीची पट्टी असलेलं कार्ड लागतं. स्लॉटमधून जास्तीत जास्त ७५ वॉट मिळतात. सहा पिनांची वायर आणखी ७५ आणि आठ पिनांची १५० वॉट देते, म्हणून एसएमएसची नव्हे, एसएमपीएसची क्षमता बघा! आणि विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलाय, तेव्हा विंडोज ११ चा ड्रायव्हर आहे का हे पैसे देण्याआधी कंपनीच्या साइटवर तपासा.

आता दोन शब्द माझ्या दुकानदार मित्रांसाठी. तुम्ही म्हणाल, गिऱ्हाइकाला ‘नको’ सांगितलं तर धंदा कसा करायचा? मी म्हणतो, तपासणीची फी घ्या. दोनशे-तीनशे रुपये, पण पावती देऊन. डॉक्टर तपासायचे पैसे घेतो, मग आपण का लाजायचं? फुकट सल्ला द्यायचा आणि तो खर्च नको असलेल्या कार्डातून वसूल करायचा, ही सवय आपल्याच गल्ल्याला भोक पाडते. कार्ड एकदाच विकलं जातं. ज्याला तुम्ही खरं सांगितलं, तो सीसीटीव्ही, प्रिंटर आणि वर्षाचं मेंटेनन्स घेऊन परत येतो.

आणि गिऱ्हाइकांनो, तुम्हीही ती फी कुरकुर न करता द्या. दुकानात जाताना अडलेलं काम कागदावर लिहून न्या, मदरबोर्डचं मॉडेल लिहा, उघड्या कॅबिनेटचा मोबाइलवर फोटो काढा. एवढी तयारी दिसली की समोरचाही कामाचंच बोलतो.

भेटूया पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत तो रिकामा स्लॉट रिकामाच राहिला तरी काही बिघडत नाही!