तारेचा खर्च कोणी सोसावा?

इंटरनेटच्या जोडणीसाठी सार्वजनिक पैसा खर्च करणे योग्य की अयोग्य, याची चर्चा बहुधा ज्या शहरांत ती जोडणी घरोघरी केव्हाच पोहोचली आहे त्याच शहरांत होते. आणि तेथे हा विषय चैनीचा वाटला तर त्यात नवल नाही. बेळगावच्या सीमाभागात मात्र तो रयतेच्या नित्याच्या कामाचा आहे. कर्नाटक सरकारने २००० सालच्या सुमारास ‘भूमी’ योजना अमलात आणून जमिनीचे दप्तर संगणकावर नेले, तलाठ्याच्या हातच्या उताऱ्याचे दिवस संपले, आणि पुढे शिधा, निवृत्तिवेतन, जातीचा व उत्पन्नाचा दाखला, २०२३ पासून गृहलक्ष्मी योजनेचे मासिक दोन हजार रुपये, अशी एकेक बाब त्याच मार्गाने गेली. सरकारने आपल्या कचेरीचे दार जेथे नेऊन बसविले, तेथपर्यंतची वाट करून देणे हे सरकारचेच कर्तव्य आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

निपाणीतील विडी कामगार स्त्रीचेच पाहा. तिची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. मांडीवर सूप, सुपात कापलेली पाने आणि तंबाखू घेऊन ती बसली की उठून गेलेला प्रत्येक तास मजुरीतून वजा होतो. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय श्रम मंत्रालयाची शिष्यवृत्ती आहे, पण तिचा अर्ज राष्ट्रीय शिष्यवृत्तीच्या संकेतस्थळावर भरावा लागतो. तेव्हा सूप बाजूला ठेवून, मुलीला बरोबर घेऊन, बाजारातल्या झेरॉक्सच्या दुकानात जायचे, ‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’ हे ऐकून परतायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा रांगेत उभे राहायचे आणि अर्ज भरून देणाऱ्याला वर पैसे मोजायचे. तिची ही बुडालेली मजुरी कोणत्याही अंदाजपत्रकात खर्चाच्या रकान्यात येत नाही. तरीही ती जोडणीच्या अभावापोटी भरलेली पट्टीच आहे, आणि ती गरिबाकडूनच वसूल होते.

निपाणी निदान पुणे-बंगळूर महामार्गावर आहे. खानापूर तालुक्याच्या पश्चिमेस, २०११ मध्ये घोषित झालेल्या भीमगड अभयारण्याच्या परिसरात आमगाव, गवाळी, पास्टोली, कोंगळा, तळेवाडी अशी मराठी बोलणारी गावे आहेत. तेथील पाऊस साऱ्या कर्नाटकात प्रसिद्ध आहे, आणि मोबाईलची रेंज शोधण्यासाठी टेकडी चढावी लागणे हा तेथील परिपाठ आहे. २०२४ च्या पावसाळ्यात आमगावातील एका आजारी महिलेला गावकऱ्यांनी लाकडी डोलीवर निजवून, पायी जंगलातून बाहेर आणले तेव्हा तिला रुग्णवाहिका मिळाली. अशा प्रसंगी रस्त्याची उणीव सर्वांना दिसते. पण रुग्णवाहिकेला वर्दी देण्यासाठीही आधी कोणीतरी रेंज असलेल्या जागेपर्यंत धावत जावे लागते, हे कोणाच्या ध्यानात येत नाही. ‘आधी रस्ता, आधी पाणी, मग इंटरनेट’ असे म्हणणाऱ्यांचा हेतू चांगला असेल. पण आज रस्त्याची मागणी, पाण्याची तक्रार आणि डॉक्टरची वर्दी ही तिन्ही कामे तारेवरूनच होतात.

खासगी कंपन्या हे काम आपण होऊन करतील, ही आशा मला फोल वाटते. त्यांना दोष देण्याचेही कारण नाही. व्यापाराचा धर्म नफ्याचा आहे. पन्नास उंबऱ्यांच्या वाडीसाठी जंगलातून तार नेणे, वनखात्याची परवानगी मिळविणे, पावसाळ्याचे चार महिने दुरुस्तीला माणसे पाठविणे, हे कोणत्याही जमाखर्चात बसणारे नाही. शाळा आणि रस्तेही असेच जमाखर्चात बसत नव्हते. मुंबई इलाख्यात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाचा कर बसविण्यात आला, त्यातून सडका बांधल्या गेल्या आणि खेड्यांतल्या शाळा चालल्या. तेव्हा बेळगाव जिल्हा त्याच इलाख्यात होता. परक्या सत्तेच्या काळीही जे तत्त्व मान्य झाले, ते स्वराज्यात अमान्य करण्यास आधार कोणता?

याहून जवळचा दाखला निपाणीच्या शेजारच्या हुक्केरी तालुक्यात आहे. त्याचे मूळ अमेरिकेत आहे. तेथे १९३५ साली रूझवेल्टच्या सरकारने ग्रामीण विद्युतीकरणाचे स्वतंत्र खाते उघडले, कारण वीज कंपन्या शेतवस्त्यांकडे वळतच नव्हत्या. त्या खात्याने शेतकऱ्यांच्या सहकारी संस्थांना अल्प व्याजाची कर्जे दिली आणि तारा संस्थांनी ओढल्या. त्याच धर्तीवर भारतात १९६९ च्या सुमारास ज्या पाच प्रायोगिक संस्था निघाल्या, त्यांत महाराष्ट्रात श्रीरामपूरकडील मुळा-प्रवरा होती आणि कर्नाटकात हुक्केरीची ग्रामीण विद्युत सहकारी संस्था होती. मुळा-प्रवरेचा परवाना २०११ मध्ये संपुष्टात आला. हुक्केरीची संस्था मात्र अजून घरोघरी वीज देते. तिच्यात राजकारण शिरले नाही असे कोणी म्हणणार नाही; पण दिवे गेले म्हणजे कोणाच्या दारात जाऊन विचारायचे हे हुक्केरीच्या शेतकऱ्याला ठाऊक असते, कारण संचालक त्याच्याच मताने निवडून येतात. भांडवल सरकारी आणि जबाबदारी गावची, ही त्यातली मेख आहे.

आता पैशाविषयी. इंटरनेटसाठी नवा कर बसवावा लागेल अशी अनेकांची समजूत आहे. वस्तुतः तो पैसा २००२ पासून गोळा होत आहे. दूरसंचार कंपन्यांच्या समायोजित महसुलाच्या शेकडा पाच इतकी रक्कम सार्वत्रिक सेवा निधीच्या नावाने सरकारजमा होते. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीस ‘डिजिटल भारत निधी’ असे नाव दिले. कंपनी ती रक्कम शेवटी ग्राहकाकडूनच काढते. म्हणजे गोव्यात मजुरीला गेलेला खानापूरचा मुलगा फोनमध्ये रिचार्ज मारतो तेव्हा त्यातला वाटा खेड्यांच्या जोडणीसाठी म्हणून तोही देतो, आणि त्याच्या आईच्या घरी मात्र त्याचा फोन लागत नाही. ही रक्कम प्रथम भारताच्या संचित निधीत जाते आणि संसदेच्या मंजुरीनेच बाहेर पडते. त्यामुळे जमा आणि खर्च यांत वर्षानुवर्षे तफावत राहत आली. जो पैसा ज्या कामासाठी घेतला तो त्या कामास लावा, एवढेच मागणे येथे आहे. त्याला अनुदान म्हणणेही मला अन्यायाचे वाटते.

विरोधकांचा एक आक्षेप मात्र मला पूर्णपणे मान्य आहे. ग्रामपंचायतींना तार जोडण्याची योजना २०११ च्या ऑक्टोबरात मंजूर झाली, ती अवघ्या काही वर्षांत पुरी व्हायची होती. तिचे नाव बदलून ‘भारतनेट’ झाले, पहिल्या एक लाख पंचायतींचा टप्पा २०१७ च्या अखेरीस कसाबसा गाठला गेला, आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना पुन्हा मंजूर करावी लागली. तार पंचायतीच्या भिंतीपर्यंत आली, कोपऱ्यात पेटी बसली, उद्घाटनाचा फलक लागला, आणि पुढे रस्त्याच्या रुंदीकरणात जेसीबीने तार तोडली ती कोणी जोडलीच नाही, हा अनुभव गावोगावचा आहे. कारण तार पुरण्याचे कंत्राट निघते, बिल निघते. ती चालू ठेवण्याची चिंता मात्र कोणाच्याच अंगावर नसते. तेव्हा सार्वजनिक पैसा द्यावाच, पण पुरलेल्या तारेच्या लांबीवर न देता जोडणी महिन्यातून किती दिवस प्रत्यक्ष चालू राहिली यावर द्यावा. आणि देखभालीचे काम हुक्केरीसारख्या स्थानिक सहकारी संस्थेकडे किंवा महिला बचत गटांच्या संघाकडे सोपवावे.

सीमाभागापुरती आणखी एक अट मी घालीन. निपाणीचे विद्यार्थी ज्या देवचंद महाविद्यालयात शिकतात ते अर्जुननगर येथे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात आहे. घर एका राज्यात आणि वर्ग दुसऱ्या राज्यात, हे येथील रोजचे जगणे आहे. तालुक्यात शेकडा पंधरा किंवा अधिक लोक अल्पसंख्य भाषा बोलत असतील तर महत्त्वाचे सरकारी नियम व सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हा केंद्राने मान्य केलेला दंडक आहे. सार्वजनिक पैशाने तार गावात आली आणि तिच्यावरचा अर्ज खानापूरच्या म्हातारीला वाचता आला नाही, तर ती पुन्हा झेरॉक्सच्या दुकानाच्याच रांगेत उभी राहील. म्हणून संकेतस्थळ मराठीतही असणे ही खर्चाच्या मंजुरीतलीच अट असावी. महाराष्ट्र व कर्नाटक यांच्यातील सीमेचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. त्याच्या निकालाशी या मागणीचा काहीही संबंध नाही, आणि कन्नड बोलणाऱ्या शेजाऱ्याचे तीत तिळभरही नुकसान नाही, कारण तार तीच असते.

या कामाचा आरंभ दिल्लीच्या वा बंगळूरच्या हुकमाची वाट न पाहता करता येतो. येत्या ग्रामसभेत तीन गोष्टी विचाराव्यात: पंचायतीतली पेटी चालू आहे काय, गेल्या महिन्यात ती किती दिवस बंद होती, आणि शाळेला व आरोग्य उपकेंद्राला तिच्यावरून जोडणी दिली काय. मिळालेले उत्तर ठरावाच्या वहीत तारखेनिशी लिहून घ्यावे, त्याची एक प्रत तालुका पंचायतीकडे व एक जिल्हा पंचायतीकडे रवाना करावी, आणि पोच घेतल्याखेरीज कचेरीतून उठू नये.