हुशार आहे, पण चंचल

दिवाळीची सुट्टी संपत आली की दहावीतल्या मुलाच्या घरी एक वाक्य हमखास ऐकू येते : "अरे, लक्ष कुठे आहे तुझे?" मग ते घर दादरचे असो की धाराशिवचे. बहुतेक घरी ते चार दिवसांत विरते. काही घरी मात्र ते पहिलीपासून चालू असते आणि दहावीपर्यंत त्याला चापटीची जोड मिळालेली असते. आजचे सदर अशा घरांसाठी.

असा मुलगा डोळ्यांपुढे आणा. बिघडलेला मिक्सर उघडून बसला तर दोन तास मान वर करीत नाही. पण भूमितीच्या प्रमेयाला बसला की दहा मिनिटांत पाणी, पेन, रस्त्यावरची वरात! वही शाळेत राहते, स्वाध्याय आदल्या रात्री आठवतो. मिक्सरला लक्ष लागते नि भूमितीला लागत नाही, म्हणजे हा आळसच, असा हिशेब घरचे मांडतात. तो चुकीचा असू शकतो. डॉक्टर ज्याला एडीएचडी म्हणतात, त्या अवधानाच्या अस्थिरतेत आणि अतिचंचलतेत लक्ष नसते असे नाही. लक्षावर लगाम नसतो. जे समोर आहे, लगेच फळ देते, त्याला ते चिकटते. चार महिन्यांवरची बोर्डाची परीक्षा या मुलाच्या लेखी चार वर्षांवर असते. काय करावे हे त्याला आपल्याइतकेच ठाऊक असते. ते वेळेवर हातून होत नाही. त्याला उपदेश करणे म्हणजे सायकलचा ब्रेक लागत नाही अशा माणसाला पुन्हा पुन्हा रस्ता सांगणे.

हे मोबाइलने आणलेले खूळ नव्हे. जेवणाच्या टेबलाशी स्वस्थ न बसणाऱ्या फिलिपची गोष्ट फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइनरिख हॉफमन यांनी १८४५ च्या सुमारास लिहिली. १९०२ साली लंडनला डॉ. जॉर्ज स्टिल यांनी अशा मुलांवर व्याख्याने दिली. मुलींत चंचलता पुष्कळदा दिसतच नाही. मुलगी खिडकीबाहेर पाहत गप्प बसते आणि 'स्वप्नाळू' म्हणून सुटते, म्हणजे राहूनच जाते.

आता उपायाकडे. न्यूयॉर्कचे अल्बर्ट एलिस आणि फिलाडेल्फियाचे एरन बेक यांनी १९५५ नंतरच्या काळात जी पद्धत उभी केली, तिचे सार असे की घटना माणसाला जेवढी छळत नाही तेवढे त्याने मनाशी घोकलेले वाक्य छळते. एलिस यांचे विचार आपल्याकडे रुजवण्यात मुंबईचे मानसतज्ज्ञ कि. मो. फडके यांचा मोठा वाटा. बोस्टनच्या तज्ज्ञांनी ही पद्धत आधी एडीएचडी असलेल्या प्रौढांसाठी बेतली, मग १४ ते १८ वयाच्या मुलांसाठी. औषध चालू असूनही त्रास उरलेल्या ४६ मुलामुलींना तिचा उपयोग झाल्याचे २०१६ साली प्रसिद्ध झाले. संख्या लहान आहे खरी; पण रीत साधी आहे.

जे डोक्यात टिकत नाही ते डोक्याबाहेर ठेवायचे. एकच वही, एकच दिनदर्शिका. मुलगा खरोखर किती मिनिटे बसतो ते घड्याळ लावून मोजायचे. बारा निघाली तर बारा. कामाचा तुकडाही तेवढाच पाडायचा. मध्येच चार्जर आठवला, मित्राचा निरोप आठवला, तर उठायचे नाही. शेजारच्या कागदावर टिपायचे आणि बारा मिनिटांनी पाहायचे. बहुतेक गोष्टी तोवर बिनमहत्त्वाच्या ठरतात. घड्याळ मात्र काट्यांचे असावे. मोबाइलमध्ये वेळ पाहायला गेलेला मुलगा अर्ध्या तासाने परततो. मुलगाच कशाला, बापही!

मग ते घोकलेले वाक्य. 'मी ढच आहे' याच्या जागी 'मी फार हुशार आहे' असे भरवू नका. त्याला ते खोटे वाटेल, आणि रास्तच. 'मला सुरुवात जड जाते, पहिले उदाहरण तेवढे सोडवतो' हे त्याला पटते, कारण ते खरे आहे.

मार्गदर्शक आठवड्यातून एकदा भेटणार. बाकीचे सहा दिवस घराचे. रोज ठरल्या वेळी पाच मिनिटे वही पाहावी, मागची थकबाकी काढू नये. बक्षीसही त्याच संध्याकाळचे हवे. 'नव्वद टक्के मिळव, मग गाडी' हे या मुलाला ऐकूच येत नाही.

निदान मात्र हे सदर वाचून करू नका. लक्षणे बाराव्या वर्षाआधीची, घरी व शाळेत दोन्हीकडे दिसणारी, निदान सहा महिने टिकलेली आहेत का, हे डॉक्टर पाहतात. गोळ्या द्यायच्या की नाही तेही त्यांनीच ठरवायचे. धाराशिव जिल्ह्यात मनाचा डॉक्टर म्हटले की संकटच आठवते : १९९३ चा भूकंप, पुढे शेतकऱ्यांच्या आत्महत्या आणि त्यासाठी २०१५ साली इथे व यवतमाळला सुरू झालेले बळीराजा चेतना अभियान. भूमितीला न बसणाऱ्या मुलासाठी तिथे जायचे असते, हे कुणाच्या मनातही येत नाही. जावे. जिल्हा रुग्णालयात विचारावे. सोलापूर, लातूर फार दूर नाही. सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे, मराठीत बोलता येते. डॉक्टरांकडे जाताना पहिलीपासूनची प्रगतिपुस्तके बरोबर न्या. 'हुशार आहे, पण चंचल' हा शेरा दहा वर्षे आपण नुसता सही करून परत पाठवला. ते तो वाचतील.