वृद्ध संधिवाती आणि औषधांची पिशवी

साठी ओलांडलेला संधिवाताचा रुग्ण आपल्याकडे क्वचितच कोऱ्या पाटीने येतो. रक्तदाबाची गोळी चालू असते, दुकानातून चिठ्ठीविना आणलेली डायक्लोफिनॅक असते, शेजाऱ्याने दिलेले तेल असते आणि कुणीतरी आणून दिलेली बिननावाची पुडीही असते. सांगितले जाते ते फार तर निम्मे. कारण ‘ॲलोपॅथीचे काही चालू आहे का?’ एवढेच विचारण्याचा आपला परिपाठ. तेल, मलम, पुडी ही रुग्णाच्या लेखी औषधेच नव्हेत.

या पुडीची आम्हांस सर्वाधिक चिंता वाटते. दोन दिवसांत सांधे मोकळे, भूक वाढलेली, पुढे चेहऱ्यावर गोलाई व पायांवर सूज, असे चित्र दिसताच तीत स्टेरॉइड असल्याचा संशय घेतलाच पाहिजे. विकली जाते ती मात्र आयुर्वेदाच्या नावाने! महिनोन्महिने ती घेणाऱ्यास ‘आजच फेकून द्या’ असे सांगणेही घातक. अधिवृक्क ग्रंथींचे कार्य मंदावलेले असते व अचानक खंड पडल्यास प्राणावर बेतू शकते. मात्रा क्रमाने उतरविण्यासाठी तज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठविण्यात कमीपणा कसला?

स्वतःच्या कल्पांविषयीही थोडे. माधवनिदानाने आमवात हा स्वतंत्र व्याधी म्हणून वर्णिला, तरी सरसकट ‘वात’ समजून गरम, सुजलेल्या सांध्यांवर तेल चोळणे घरोघरी चालते. साम अवस्थेत वालुकास्वेद योग्य, अभ्यंग नव्हे, हे सांगणे वैद्याचेच काम. ‘गुग्गुळाने अपाय नाही’ हे वाक्यही जपून उच्चारावे. गुग्गुलिपिडमुळे प्रोप्रानोलॉल व डिल्टियाझेम या औषधांची रक्तातील मात्रा घटते, असे १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले होते. या औषधांवर असलेल्या वृद्धास गुग्गुळकल्प देताना रक्तदाब मोजत राहणे इष्ट.

औषधविक्रेत्यांस विनंती अशी की, डायक्लोफिनॅकच्या गोळ्या चिठ्ठीवाचून देऊ नयेत. रक्तदाबाच्या काही गोळ्या व लघवी वाढविणारे औषध चालू असताना वेदनाशामकाची भर पडली की वृद्धाचे मूत्रपिंड धोक्यात येते. वत्सनाभ, कुचला, भल्लातक ही द्रव्येही परिशिष्ट ई-१ मधील आहेत. ती असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांवर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापलेली असते. ती ग्राहकास वाचून दाखविण्यास कितीसा वेळ लागतो?

पहिल्या भेटीस घरातील सारी औषधे, तेले व पुड्या पिशवीत घालून आणाव्यात, असे रुग्णास वेळ देतानाच सांगावे आणि केसपेपरवर त्यांसाठी वेगळा रकाना ठेवावा. संशयास्पद पुडी आढळल्यास अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करण्याचे काम एकट्या वैद्यावर न सोडता संघटनेने अंगावर घ्यावे.